१३ कोटी अधिक ५.९ कोटी म्हणजे किती?

१९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. वर्ल्ड कपची फायनल हरलो, ते जाऊ द्या. त्या मॅचचे दोन आकडे बाहेर आले: एका वेळी जास्तीत जास्त प्रेक्षक (आमच्या भाषेत ‘पीक’) टीव्हीवर १३ कोटी, हॉटस्टारवर ५.९ कोटी. लगेच लोक बेरीज करून मोकळे, १९ कोटी! माझं पोट जाहिरातींच्या प्लॅनिंगवर चालतं, म्हणून सांगतो, ही बेरीज होतच नाही.

टीव्हीचा आकडा बार्कच्या, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या पद्धतीचा. तेव्हा टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी, मीटर पन्नास-साठ हजार घरांत. चॅनेलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर पकडतो. घरातल्या प्रत्येकाचं रिमोटवर वेगळं बटण. आजी सिरीयलला बसल्या की त्यांनी आपलं बटण दाबायचं, दूध उतू चाललंय म्हणून उठल्या की परत दाबायचं. आता दूध उतू जात असताना कोण बटण शोधतंय? (टीआरपीवरून सिरीयलच्या ग्रुपांवर भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) पण काही झालं तरी इथे माणूस मोजला जातो. बाई की पुरुष, वय काय, हे कळतं.

हॉटस्टारचे ५.९ कोटी म्हणजे स्क्रीन. स्मार्ट टीव्हीसमोर अख्खी सोसायटी बसली तरी एकच. आणि संध्याकाळभरात एकच माणूस आधी फोनवर, मग घरच्या टीव्हीवर, असा दोन्हीकडे मोजला जातो.

त्यात जाहिरात ‘दिसली’ कधी म्हणायची? डिजिटल व्हिडिओचा रूढ निकष असा, की जाहिरातीच्या चौकटीचा निम्मा भाग सलग दोन सेकंद स्क्रीनवर दिसला की बास. अमेरिकेत २०२२ मध्ये एक अभ्यास झाला. स्ट्रीमिंगची स्टिक (नेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर आणणारं छोटं यंत्र) वगैरे लावलेल्या टीव्हींवर सुमारे १७ टक्के जाहिराती टीव्ही बंद असताना चालू होत्या! स्टिक आपली चालूच. पैसे मात्र पूर्ण.

पण माझा खरा राग वेगळा आहे. स्ट्रीमिंगवर विकणाराच मोजतो आणि आपण मान डोलावतो. बार्क काही धुतल्या तांदळासारखं नाही. त्यात ६० टक्के वाटा चॅनेलवाल्यांचाच, पण उरलेला जाहिरातदार आणि एजन्सींचा, म्हणजे प्रश्न विचारणारं कुणीतरी आत असतं. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचं प्रकरण काढलं, मीटरच्या घरांना पैसे देऊन चॅनेल लावून ठेवल्याचे आरोप झाले. खटला पुढे सरकारने मागे घेतला, पण न्यूज चॅनेलचे आकडे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बंद राहिले. स्ट्रीमिंगवाल्यांचे आकडे असे कधी कुणी रोखून धरले?

आयपीएलचे २०२३ ते २७ चे भारतातले हक्क टीव्हीसाठी २३,५७५ कोटींना गेले, डिजिटलचे त्याहून थोडे जास्त. पुढे दोन्ही एकाच कंपनीकडे आले. तरी एकच माणूस दोन्हीकडे ओळखणारा, सगळ्यांना मान्य असा आकडा नाही. मोठ्या कंपन्या स्वतःचे सर्व्हे करून घेतात. मरण सांगली-कोल्हापूरकडच्या मसालेवाल्याचं. तो विचारतो, “साहेब, माणसं किती?” आणि त्याच्या हातात पडतं पीकच्या आकड्याचं रंगीत प्रेझेंटेशन.

हल्ली मी अशांना सांगतो, पीकवर काट मारा. मिनिटाची सरासरी, म्हणजे दर मिनिटाला सरासरी किती जण बघत होते, ती मागा, आणि एकाच माणसाला जाहिरात किती वेळा दाखवली ते लेखी घ्या. नाही म्हणाले, तर रेट पाडून मागा.