'चोरीचा माल' म्हणणाऱ्या अनामिकांना उत्तर

अनामिक,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही ठरवलंय, तर हेच म्हणतो. कमेंट काल रात्री वाचली. रागात उत्तर देऊ नको असं बायको म्हणाली म्हणून सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसलोय, राग काही गेलेला नाही.

युकोस ही रशियातली मोठी खाजगी तेल कंपनी, कर थकवल्याच्या आरोपावरून सरकारने तिचा मुख्य भाग लिलावात काढला. तिच्यावरच्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की त्या प्रकरणानंतर रशियात मालकी हक्काला काही अर्थ उरला नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, "चोरीचा माल सरकारने परत घेतला, लेखक महाशयांना चोराचा एवढा पुळका का?" मग चीन, पोलंड, कामगारांचे थकलेले पगार, आणि शेवटी "दोन वर्षं मॉस्कोत चहा विकला म्हणून कोणी अर्थतज्ज्ञ होत नाही."

आधी चूक कबूल करतो. युगान्स्कनेफ्तेगाझचा, म्हणजे युकोसच्या त्या मुख्य तेल उत्पादक कंपनीचा लिलाव मी 2003 साली झाला असं लिहून बसलो. 2003 च्या ऑक्टोबरात युकोसचे प्रमुख खोदोर्कोव्स्कींना अटक झाली, लिलाव झाला 19 डिसेंबर 2004 ला. लेखात दुरुस्ती केली आहे, धन्यवाद. पण एक वर्ष चुकलं हे सांगायला "जरा अभ्यास करून लिहा" असं म्हणावं लागतं का? आणि 'महाशय' हा शब्द आपल्याकडे कोण कुठल्या सुरात वापरतं ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

हो, चहा विकला. दोन नाही, चार वर्षं, 1992 ते 96. रुपया-रूबलचा जुना सरकारी व्यवहार कोसळला होता आणि मुंबईच्या एका छोट्या एक्स्पोर्टरने मला तिकडे पाठवलं होतं. आमचं गोडाऊन एका कारखान्याच्या आवारात होतं, भाडं डायरेक्टर घ्यायचा, अर्धं बँकेत अर्धं हातात. कारखाना कोणाचा? कागदावर कामगारांचा, कारण त्या वेळच्या खाजगीकरणाच्या नियमात कामगार आणि मॅनेजमेंट मिळून 51% शेअर घेऊ शकत होते आणि बहुतेक कारखान्यांनी तोच पर्याय निवडला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव गावकीचं आणि ताबा पाटलाचा. एका सोमवारी गेलो तर गेटला नवं कुलूप, नवे गार्ड, आणि कोणीतरी नवे मालक. आमच्या पेट्या अकरा दिवस आत. कोर्टात जायचा विचारही कोणी केला नाही, कारण जज कोणत्या मालकाला ओळखतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाहीये.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येतो. चोरी झाली होती का? झाली होती, मी कधी नाही म्हटलंय? 1995 च्या शेवटी सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं, तारण म्हणून तेल कंपन्यांचे शेअर ठेवले, कर्ज फेडलं नाही आणि ज्या बँकांनी लिलाव चालवले त्यांच्याच माणसांकडे माल गेला. युकोसचे 45% 159 दशलक्ष डॉलर्सना. यात पुळका येण्यासारखं काही नाहीये. पण परत घेतलेला चोरीचा माल ज्याच्या घरात चोरी झाली त्याला मिळतो ना? माझी घरमालकीण निवृत्त इंजिनियर होती. 1992 मध्ये प्रत्येकाला सरकारी कारखान्यांचे शेअर घेण्यासाठी 10,000 रूबलचं व्हाउचर मिळालं, खाजगीकरण चालवणारे चुबाईस म्हणाले एका व्हाउचरच्या दोन व्होल्गा गाड्या येतील. बाईंनी घरातली चारही व्हाउचरं टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या एका फंडात टाकली, फंड गायब. चोरी तिच्या घरात झाली होती. 2004 मध्ये तिला काय परत मिळालं? युगान्स्कनेफ्तेगाझ आधी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी त्वेरमध्ये नोंदलेल्या, कोणी नाव न ऐकलेल्या एका कंपनीने घेतलं, पुतिन म्हणाले यामागे ऊर्जा क्षेत्रातली जुनी खाजगी माणसं आहेत, आणि काही दिवसांत ती कंपनीच सरकारी तेल कंपनी रोसनेफ्टच्या खिशात. हे 'परत घेणं' असेल तर पाकीटमाराकडून पाकीट घेऊन स्वतःच्या खिशात घालणारा हवालदारही समाजसेवकच म्हणायचा.

त्याहून मजा पुढे आहे. सिबनेफ्ट ही दुसरी तेल कंपनीही त्याच 1995 च्या लिलावांतली, 51% साधारण 100 दशलक्ष डॉलर्सना गेलेली. तोच चोर, तीच रात्र म्हणा ना. 2005 मध्ये सरकारच्याच गाझप्रोम या गॅस कंपनीने तिचे जवळपास 73% शेअर मालक अब्रामोविच यांच्याकडून 13 अब्ज डॉलर्स मोजून विकत घेतले. त्याच लिलावांतून उद्योगपती पोतानिन यांच्याकडे आलेला, नोरिल्स्क निकेल या धातू कंपनीतला मोठा वाटा तर त्यांच्याकडेच राहिला. मग माल चोरीचा होता का नव्हता? माझ्या मते तो प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. प्रश्न एवढाच होता की क्रेमलिनशी कोणाचं जमतं, आणि ज्याचं जमत नाही त्याच्याच बाबतीत 1995 आठवतं. मालकी नाही हो, परवाना आहे तो, दर काही वर्षांनी रिन्यू करायचा. आपल्या ओएनजीसीचा रशियातल्या साखालिन-1 या तेल प्रकल्पात 20% वाटा आहे, 2022 मध्ये पुतिन यांनी एका हुकमाने सगळा प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे दिला आणि ओएनजीसीलाही आपलाच वाटा आपल्याकडे ठेवायला अर्ज करावा लागला.

बाकी मुद्दे. चीन-पोलंड हा या लेखाचा विषय नव्हता, पगारांवर मी आधी लिहिलंय, शोधा. अर्थतज्ज्ञ असल्याचा दावा मी कुठेही केलेला नाही.

आमच्या बाईंचं राहिलं. व्हाउचरांचं काही झालं नाही, पण 1991 च्या कायद्याने ती राहत होती तो फ्लॅट फुकटात तिच्या नावावर झाला आणि तो शेवटपर्यंत तिचाच राहिला, त्यात कोणाला तेल सापडलं नाही म्हणून.

पुढची कमेंट नावानिशी टाका आणि सिबनेफ्टचे 13 अब्ज का दिले तेवढं सांगा. पुन्हा 'महाशय' आलं तर डिलीट करणार.