व्ह्यूला डेटा दिला की म्हणे डबल लोड!

सांगलीतल्या आमच्या प्रोग्रॅमर ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. लॅराव्हेल (पीएचपी भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना सल्ला असा: 'कंट्रोलरमधून व्ह्यूला अ‍ॅरे पाठवू नका, त्याची कॉपी होऊन मेमरी दुप्पट लागते. सगळा डेटा सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये एकदाच शेअर करा, नाहीतर ब्लेडमध्येच क्वेरी लिहा. कॉम्पॅक्ट तर वापरूच नका, नाव चुकलं तरी कळत नाही.' (कंट्रोलर म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा कोड, व्ह्यू म्हणजे दिसणारं पान, ब्लेड म्हणजे त्या पानाची टेम्प्लेट, सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणजे अ‍ॅप सुरू होताना चालणारा सेटअप कोड आणि कॉम्पॅक्ट म्हणजे व्हेरिएबलची नावं घेऊन त्यांचा अ‍ॅरे बनवणारं फंक्शन.) आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरानं ते वाचून मार्केट यार्डातल्या एका अडत्याचं पट्टीचं (शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदाचं) पान बदलून टाकलं. म्हणून हा खटाटोप.

कॉपीचं आधी उरकू. पीएचपीत अ‍ॅरे पुढे दिला म्हणून लगेच नक्कल होत नाही. कुणी त्यात बदल करेपर्यंत दोघं एकाच मेमरीवर बसलेले असतात. एलोक्वंट (लॅराव्हेलचा डेटाबेसशी बोलणारा भाग) जे कलेक्शन देतं ते तर ऑब्जेक्टच, त्याचा नुसता पत्ता पुढे जातो. आणि व्ह्यू नुसता वाचतो. दुप्पट होणार काय?

'एकदाच शेअर करा' यातलं 'एकदाच' फसवं आहे. प्रोव्हायडरमधलं बूट हे फंक्शन प्रत्येक रिक्वेस्टला चालतं. मोबाइल अ‍ॅपला नुसता जेसन (कच्चा डेटा) द्यायचाय, व्ह्यूचा पत्ता नाही, तरी क्वेरी सुटतेच. आर्टिसनच्या (लॅराव्हेलच्या कमांड लाइन साधनाच्या) कमांडलाही सुटते. हे मी स्वतः भोगलंय. हळदीचे आजचे दर बूटमध्ये काढून ठेवले होते. नव्या मशीनवर मायग्रेट चालवलं, तर टेबल नाही म्हणून एरर. टेबल बनवायला निघालेली कमांडच आधी टेबल मागत बसली! लॉगिन केलेला युजरही तिथं मिळत नाही, कारण सेशन नंतर, मिडलवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये) सुरू होतं. हेडरमध्ये दर हवेतच तर व्ह्यू कंपोझर आहे, तो त्या व्ह्यूपुरताच चालतो. फर्मचं नाव वगैरे, ज्याला क्वेरी लागत नाही, ते खुशाल शेअर करा.

आता पोराचं पान. लूपमध्ये दर सौद्यामागे ब्लेडच शेतकऱ्याचं नाव शोधत होतं. २०० सौदे, म्हणजे २०१ क्वेरी (सौद्यांची एक, नावांच्या २००). कंट्रोलरमध्ये विथ (जोडलेली माहिती एकदम आणणारी मेथड) लावून शेतकरी सोबत आणले की दोन क्वेरींत काम भागतं. पण वेग सोडा, खरी गोची पुढे आहे. पट्टी स्क्रीनवर दिसते आणि प्रिंटही होते, म्हणजे व्ह्यू दोन. हमाली-तोलाईचा हिशेबही त्यानं दोन्हीकडे लिहिला होता. उद्या हमालीचा दर बदलला आणि एक ब्लेड विसरलं, तर स्क्रीनवर एक रक्कम आणि शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर दुसरी. त्याला काय, 'ब्लेडमध्ये राहिलं' असं सांगणार?

कॉम्पॅक्टचा मुद्दा मात्र कधीकाळी खरा होता. पीएचपी ७.३ च्या आधी चुकलेलं नाव ते गुपचूप गाळायचं. ७.३ पासून नोटीस येते, ८.० पासून वॉर्निंग, आणि लॅराव्हेल त्याचं एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) करून पान तिथंच पाडतं. पोरानं पान पूर्ववत करताना 'सौदे'चं स्पेलिंग चुकवलंच. लाल स्क्रीनवर चूक ओळ नंबरासकट आली.