पुन्हा तीच इमेज, पुन्हा कर्नल आडवा

आज परत! फझरने (मुद्दाम वेडावाकडा डेटा बनवून चाचणी घेणारं साधन) बिघडवलेली एक डिस्क इमेज, म्हणजे डिस्कची फाइलमधली प्रत, लूपवर माउंट केली (फाइललाच डिस्क समजून जोडली) आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, आडवा. कारण काय, तर सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा डिस्कवरचा भाग) ‘एका ग्रुपमध्ये किती आयनोड (फाइलच्या नोंदी)’ या फील्डमध्ये शून्य, आणि आमचा फाइलसिस्टिम ड्रायव्हर त्याच शून्याने बिनधास्त भागाकार करतोय.

अरे, डिस्कवरून वाचलेला आकडा म्हणजे परक्या माणसाचा शब्द. आधी तपासा, मग वापरा! एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये ब्लॉकचा आकार थेट लिहिलेलाच नसतो. १०२४ किती बिट डावीकडे सरकवायचे, एवढंच असतं. तिथे २ असेल तर ४०९६. कोणी २०० लिहिलं तर? ३२ बिटांची संख्या २०० बिट सरकवणार कुठे?

“पण चेकसम आहे ना!” हो, डेटा बदलला का ते ताडणारा आकडा आहे. इमेज बिघडवणाराही तो नव्याने मोजून लिहितो. त्याला कुठे गुप्त किल्ली लागते?

बरं, तपासणीची ओळ घातली. माउंट नाकारला गेला, छान. आणि आता आवराआवरीत क्रॅश! अर्धवट माउंट गुंडाळताना, जो पॉइंटर (मेमरीतला पत्ता) अजून भरलाच नव्हता त्याच्या आत ड्रायव्हर डोकवायला गेला. एरर पाथ (चूक झाली की चालणारा कोड) एकदा तरी चालवून बघायला काय होतं, देव जाणे.

वर सल्ला तयार: “असली इमेज माउंट करतंच कोण? आधी एफएससीके चालवा.” (म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम.) पेनड्राइव्ह खुपसल्या खुपसल्या आपोआप माउंट करणारा डेस्कटॉप एफएससीके चालवतो का, राजेहो?

चार ओळींचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवलाय. तेवढ्यात दुसरी इमेज आलीच.