‘ॲल्युमिनियममुळे मुलांचा मेंदू खुंटतो’ : किती खरं, किती खोटं

“शरीरात गेलेला ॲल्युमिनियमचा कणही बाहेर पडत नाही, तो मेंदूत साठतो. भांड्यांमुळे मुलं मंद होतात, लशीतून तर हे विष थेट टोचलं जातं. डिटॉक्स हाच उपाय.” हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात एक धागा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

‘कणही बाहेर पडत नाही.’ पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे 8 टक्के ॲल्युमिनियम आहे, त्यामुळे पाण्यातून, धान्यातून, भाज्यांतून ते थोडंफार पोटात जाणारच. त्यातलं रक्तात शिरतं ते हजारात एक ते तीन भाग, बाकीचं शौचावाटे निघून जातं. रक्तात शिरलेलं बहुतेक मूत्रपिंडं गाळून टाकतात. थोडं हाडांत रेंगाळतं, हे मान्य.

‘भांड्यांमुळे मुलं मंद होतात.’ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नुसतं पाणी उकळलं की ते आतून काळपट पडतं. त्यातच आंबट काही शिजवलं की लख्ख होतं. ती चमक म्हणजे वरचा थर विरघळून अन्नात गेला. तेव्हा आंबट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये, हे रास्तच. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं 2011 मध्ये आठवड्याला दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. म्हणजे 15 किलोच्या मुलाला 30 मिलिग्रॅम. युरोपची मर्यादा याच्या निम्मी आहे आणि तिथल्या बऱ्याच लोकांचा आहार ती ओलांडतो. पण अशा मर्यादा भरपूर राखून आखलेल्या असतात; ओलांडली की इजा झालीच, असं नसतं. मला विचाराल तर भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांतून झिरपणाऱ्या शिशाची काळजी आधी करावी. शिसं अगदी थोडं असलं तरी मुलांच्या मेंदूला बाधतं, यात आता शंका उरलेली नाही.

आता तो खरा धागा. 1970च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांची बोबडी वळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती गेली. डायलिसिसच्या पाण्यातलं ॲल्युमिनियम सरळ रक्तात जात होतं, आणि ते बाहेर टाकायला धड चालणारी मूत्रपिंडं नव्हती. मुलांच्या बाबतीतला पुरावा 1997 चा, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. शिरेतून पोषण दिल्या जाणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले होते. नेहमीच्या द्रावणातून दिवसाला दर किलोमागे सुमारे 45 मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियम जात होतं, खास द्रावणातून 4 ते 5. दीड वर्षांच्या वयात बौद्धिक विकासाची चाचणी घेतली, तेव्हा नेहमीच्या द्रावणावर काढलेल्या दर दिवसामागे साधारण एक गुण कमी भरला. पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिवसाला दर किलोमागे 4 ते 5 मायक्रोग्रॅमच्या पुढे धोका असल्याचा इशारा या द्रावणांवर छापायला लावला. म्हणजे ॲल्युमिनियम विकासाला बाधतं, पण आतड्याची चाळणी वगळलेली आणि मूत्रपिंडं कच्ची असताना.

‘लशीतून विष.’ इथे शहाणा वाचक विचारेल, लससुद्धा आतडं वगळूनच जाते ना? प्रश्न बरोबर आहे. एका मात्रेत साधारण एक मिलिग्रॅमपेक्षा कमी ॲल्युमिनियम असतं, पण नुसता हा आकडा सांगून मीही समाधानी होणार नाही. फरक वेगाचा आहे. स्नायूत टोचलेला ॲल्युमिनियमचा क्षार आठवडे, महिने घेत हळूहळू विरघळतो आणि मूत्रपिंडं तो जमेल तसा काढत राहतात. शिवाय अंदाजावर विसंबायची गरजच नाही. 2025 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी 12 लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. लशीतल्या ॲल्युमिनियममुळे स्वमग्नता, अतिचंचलता धरून 50 विकारांपैकी कशाचाही धोका वाढल्याचं दिसलं नाही.

‘डिटॉक्स हाच उपाय.’ हा दावा सगळ्यात घातक. ॲल्युमिनियम खरोखर साठलेलं असेल तर डेफेरॉक्सामिन नावाचं औषध देतात, तेही रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मुख्यतः मूत्रपिंड निकामी झालेल्यांना. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात स्वमग्नता असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला ‘शरीरातले धातू काढायला’ ईडीटीए हे धातूंना बांधून घेणारं रसायन शिरेतून दिलं. त्यानं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतलं, हृदय थांबलं आणि ते मूल दगावलं.