घोरण्याची जागल

आमच्या दारव्हा तालुक्यात तूर शेंगांवर आली की वावरात रानडुकरं येतात आणि माणसं जागलीला जातात. मी जागलीला जायचो ते झोपायला. मचाणावर पाठ टेकली की माझं घोरणं सुरू. शेजारच्या वावरातले काका म्हणायचे, "तू आला का बाप्पा? मंग आमी घरी जातो. डुक्कर काय, रोही बी फिरकत नाही."

हा लौकिक बायकोनं घालवला. तिला घोरण्याचं काही नव्हतं, ते थांबण्याची धास्ती होती. "अहो, मधातच तुमचं इंजिन बंद पडते. मी आकडे मोजत रायतो. इस झाले तरी श्वास नाही!" पुरावा म्हणून तिनं मोबाइलमध्ये रेकॉर्डिंगच केलं.

दिवसा मी कुठेही पेंगायचो. एकदा बंडीवर झोपलो, बैलांनी बरोबर घरी आणून सोडलं. मोटरसायकल एवढी शहाणी नसते, हे नाल्यात पडल्यावर कळलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी टेपनं मान मोजली. साडेसतरा इंच. वाटलं, सदरा शिवतात की काय. मग पोळ्याच्या बैलासारखं वायरींनी सजवून रात्रभर झोपवलं. निकाल: तासाला ३८ वेळा श्वास अडतो. पाचाच्या आत असलं तर ठीक, तिसाच्या वर गंभीर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बुजते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू घाबरून आपल्याला हलवतो. म्हणजे इतकी वर्षं मी खरोखर जागलच करत होतो, फक्त मला पत्ता नव्हता.

वजन उतरवा, कुशीवर झोपा, दारू बंद, आणि वर सीपॅप मशीन. नाकावाटे दाबानं हवा सोडून ती घसा उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला. त्यांच्या गावची लाइन जात नसावी. आमची गेली की मशीन मुकं, म्हणून इन्व्हर्टर आला. मास्क मिशीतून गळायचा, म्हणून मिशी गेली. तेव्हा कुठे झोप आली. सकाळी उठल्यावर डोकं इतकं हलकं, की दुसऱ्याचंच वाटलं.

मचाणावर लाइन नाही, म्हणून माझी जागल बंद. काका दोनदा येऊन गेले, "एक रात मशीन राहू दे न घरी." बायकोनं दारातूनच परतवलं, पण दया येऊन ते रेकॉर्डिंग दिलं. आता त्यांच्या वावरात भोंग्यावर रात्रभर मी घोरतो.

काल भेटले. म्हणाले, "बाकी बेस हाय बाप्पा. पन तू मधात थांबतो न, डुक्कर तेवढ्यातच शिरते."