मुन्शी, वानरं आणि मी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, वनमहोत्सवाचा प्रमुख पाहुणा म्हणून मी भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीवरच्या शाळेत गेलो. सोबत चाळीस स्लाइड, पंचवीस रोपं आणि पुणेकराचा आत्मविश्वास. स्लाइड विजेबरोबर गेल्या. (पावसात तिथं वीज असेल असं समजणारा मी एकटाच होतो.)

मग तोंडीच सुरू केलं. "झाडं आपल्याला काय देतात?" मला ऑक्सिजन हवा होता.

"बाळहिरडा!" अख्खी शाळा ओरडली. हिरडा वेचून, वाळवून विकला की घरात चार पैसे येतात. ऑक्सिजन कुणी तागडीत घेत नाही.

मी इतिहासाकडे वळलो. "वनमहोत्सव १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला."

"मंग त्याच्या आधी जंगल कोण लावायचं?"

गुरुजी खिडकीबाहेर पाऊस बघू लागले. शेवटी एका चिमुरडीनं माझी सुटका केली. "वानरं. हितं खात्यात, तिकडं हागत्यात." बीजप्रसारावरच्या माझ्या सात स्लाइड तिनं पाच शब्दांत उरकल्या.

मोबाईलवर शेकरू दाखवला. राज्यप्राणी! फोन हातोहात फिरून परत आला. "सर, हे आपलं न्हाई. आपल्याची शेपटी पांढुरकी आसती. हे काळं कुठलं?"

केरळातलं होतं.

रोपं वाटताना जरा लाडात म्हणालो, "हे गिरिपुष्प."

"उंदीरमारी हाय ती!"

बांधावर पाल्याच्या खताला ठीक, पण तिला जंगल म्हणत नाहीत. हे मत माझं नाही, तिसरीच्या वर्गाचं. मला मात्र ते आता पटलेलं आहे.

फोटोसाठी मी रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, हसरा चेहरा केला आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो.

"सर, पिशवीसकट?"

रोप पुन्हा उकरलं. मी घाईनं ब्लेड मागितलं. "फाडू नका, पिशवी लागतीया," म्हणत एका पोरानं बुडाला दोन चापट्या मारल्या, मातीचा गड्डा अलगद बाहेर काढला, रोप माझ्या हातात दिलं आणि पिशवी झटकून स्वतःच्या खिशात घातली.

श्रावणात गुरुजींचा फोन आला. "सर, तुमच्या पिशवीत पोरांनी जांभूळ लावलं होतं. एका बीला दोन कोंब आलेत!"

रोपाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.