‘तीन वर्षांनी गोळ्या बंद’: अर्ध्यावर सोडलेले गणित

‘एचआयव्हीचे उपचार तीन वर्षे घेतले, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) शून्यावर आला आणि सीडी-४ (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) पाचशेच्या वर गेल्या की विषाणू संपतो, हे गणिताने सिद्ध झाले आहे, पुढच्या गोळ्या औषध कंपन्यांच्या फायद्यासाठी असतात,’ असा संदेश सध्या फिरत आहे. माझ्या एका नातलगाने तो मला दाखवून ‘माझी तर चार वर्षे झाली’ असे म्हटले, म्हणून हे लिहावे लागत आहे.

तीन वर्षांचा आकडा बनावट नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. गणिती जीवशास्त्रज्ञ ॲलन पेरेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवले की उपचार सुरू होताच रक्तातील विषाणू आधी झपाट्याने आणि मग संथपणे घटतो, या संथ घटीमागच्या लागण झालेल्या पेशींचे अर्धायुष्य (निम्म्या होण्यास लागणारा काळ) त्यांनी एक ते चार आठवडे धरले आणि औषध शंभर टक्के परिणामकारक असल्यास त्या पेशींतला विषाणू संपायला २.३ ते ३.१ वर्षे लागतील, असा हिशेब मांडला. मात्र शरीरात विषाणूचे न सापडलेले साठे असतील तर उपचार आणखी लांबतील, हेही त्याच निबंधात लिहिले आहे, आणि संदेशकर्त्याने नेमके तेच वाक्य गाळले आहे.

असा एक साठा पुढे मोजला गेला. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये सुप्त, म्हणजे विषाणू आत दडलेल्या पण तो बनवत नसलेल्या, सीडी-४ पेशींतल्या विषाणूचे अर्धायुष्य सुमारे ४४ महिने असल्याचे दाखवले. अशा एक लाख पेशी धरल्या, तर एकीपर्यंत पोचायला त्या जवळपास सतरा वेळा निम्म्या व्हाव्या लागतात. सतरा गुणिले चव्वेचाळीस महिने म्हणजे साठ वर्षांहून अधिक. औषधे नव्या पेशींना होणारी लागण रोखतात. जी पेशी विषाणू बनवतच नाही, तिच्यापुढे त्यांचे काही चालत नाही. शिवाय अशा काही पेशी स्वतः विभागून साठा टिकवून धरतात.

व्हायरल लोड ‘शून्य’ म्हणजे चाचणीच्या मोजमापाखाली, एवढाच त्याचा अर्थ. सीडी-४ ची सुरुवातीची वाढही बऱ्याच अंशी लसिकाग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परतल्यामुळे होते. खरी नवी भर नंतर, सावकाश पडते. कंपन्या नफा कमावतात, हे खरेच. पण त्याने अर्धायुष्य बदलत नाही.

आता ‘गोळ्या बंद’. सीडी-४ ३५० च्या वर असलेल्या ५,४७२ जणांवर झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत एका गटाची औषधे थांबवली आणि सीडी-४ २५० च्या खाली गेल्यावरच पुन्हा सुरू केली. औषधे सुरूच ठेवलेल्या गटाच्या तुलनेत त्या गटात संधिसाधू आजाराचा (प्रतिकारशक्ती घटल्याचा फायदा घेणाऱ्या आजाराचा) किंवा मृत्यूचा धोका सुमारे २.६ पट निघाला, आणि जानेवारी २००६ मध्ये औषधे थांबवण्याचा तो प्रयोग मुदतीआधीच आवरता घ्यावा लागला.